दंतमूलगत रोग आणि आमची आश्वासने

"वैद्यराज, रक्त तर तुम्ही बंद केलेत, मग दात का हलू लागले?"

हा प्रश्न आम्हांस एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो अधिक टोचला. त्यापूर्वी चार वर्षांमागे हेच गुरुजी हिरड्यांतून रक्त येते, तोंडास दुर्गंधी येते, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे आले होते. प्रमेहाचे जुने रुग्ण, वय साठीच्या घरात. हिरड्या मृदू, क्लिन्न व काळपट दिसल्या, बोट लावताच रक्तस्राव झाला. शीतादाचे निदान करण्यास आम्हांस क्षणही लागला नाही. त्रिफळा व खदिर यांच्या क्वाथाचे गंडूष दिले आणि बाभळीची साल, लोध्र व तुरटी यांचे मंजन हिरड्यांवर प्रतिसारणासाठी दिले. तीन आठवड्यांत रक्त थांबले, दुर्गंधी कमी झाली. गुरुजींनी गावभर आमची स्तुती केली व पुढे दर दोन महिन्यांनी मंजनाची डबी नेत राहिले. आम्हीही देत राहिलो. चार वर्षांत एकदाही आम्ही त्यांच्या दातांच्या मुळांशी काय चालले आहे ते पाहिले नाही.

खालचे पुढचे दात हलू लागले तेव्हा आम्ही त्यांना तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे पाठविले. क्ष-किरण चित्रात त्या चार दातांभोवतीचे हाड मुळांच्या टोकाशी तेवढे उरलेले दिसले. चारही दात त्याच महिन्यात काढावे लागले. दंतवैद्यांनी सौजन्याने आम्हांस चिठ्ठी लिहून पाठविली. तीत पॉकेटची खोली आठ मिलिमीटर एवढीच नोंद होती, आमच्या मंजनाविषयी अवाक्षर नव्हते.

या त्रैमासिकात आम्ही आजवर जे लिहिले ते बहुतांशी यशाचे लिहिले. आज अपयशाचे लिहितो, कारण हे अपयश आमच्या एकट्याचे नसावे अशी दाट शंका आहे. हिरड्यांच्या रोगावर मंजन, तेल वा गंडूष न देणारा वैद्य विरळा, आणि असे एखादे तरी उत्पादन नसलेली फार्मसीही विरळा. अलीकडे त्या उत्पादनांच्या वेष्टनांवर "हिरड्या पुन्हा भरून येतात", "हललेले दात घट्ट होतात", इतकेच काय, "झिजलेले हाड पूर्ववत होते" अशी वाक्ये दिसू लागली आहेत. या वाक्यांची परीक्षा करण्याची वेळ आली आहे असे आमचे मत आहे.

प्रथम आमच्या मंजनाने नेमके काय केले ते पाहू. कषाय रस स्तंभन करतो, ही गोष्ट प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. बाभूळ, खैर, लोध्र, तुरटी ही सर्व द्रव्ये हिरडीच्या कडेवरील शोथ उतरवितात व रक्तस्राव थांबवितात. पण मंजन घासणारे बोट हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचते, तिच्या खाली नव्हे. दात व हिरडी यांच्यामधील नैसर्गिक फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. रोगात ती चार, सहा, आठ मिलिमीटरपर्यंत खोल जाते आणि तिच्या तळाशी, मुळास चिकटलेल्या कीटणावर, जंतूंचा थर आपले काम करीत राहतो. वरचे दार बंद झाले, आतील चोर आतच राहिला. गुरुजींच्या हिरडीने चार वर्षे ओरडायचे थांबविले होते, आणि ते थांबविण्याचे काम आम्ही केले होते. धूम्रपान करणाऱ्यांत अशीच फसवणूक घडते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग हाडापर्यंत गेलेला असूनही हिरडी वरवर निरोगी भासते. तिथे तंबाखूच्या धुराने जे होते ते इथे आमच्या औषधाने झाले. हे लिहिताना लेखणी जड होते, पण गोष्ट खरी आहे.

रक्तस्राव हे दंतमूलगत रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग म्हणजे दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या बंधाचा नाश. चरकाचार्यांनी अस्थिगणनेत बत्तीस दात मोजले आणि त्यांच्यापासून वेगळी बत्तीस दंतोलूखलेही मोजली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. उखळात मुसळ उभे असावे तसा दात हाडाच्या खोबणीत उभा असतो. फरक एवढाच की दाताचे मूळ व खोबणीची भिंत यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्या तंतूंची एक टोके मुळावरील सिमेंटम नावाच्या कठीण आवरणात रुतलेली असतात, दुसरी हाडात. म्हणजे हिरडी, तंतू, सिमेंटम आणि हाड अशा चार धातूंचा हा संघ आहे. त्यांपैकी एक परत आणून भागत नाही. चारही परत यावे लागतात, योग्य क्रमाने व एकमेकांशी बांधले जाऊन यावे लागतात. "हाड भरते" असे म्हणणाऱ्याने या चौघांचा हिशेब दिला पाहिजे.

आधुनिक दंतशास्त्राने हा हिशेब मांडण्यात गेली पन्नास वर्षे घालविली आहेत, आणि ती कथा आपल्या वैद्यवर्गाने जाणून घेण्यासारखी आहे. मूळ खरवडून स्वच्छ केले की जखम भरते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु १९७६ साली मेल्चर या संशोधकाने एक साधा प्रश्न विचारला: त्या स्वच्छ मुळावर प्रथम कोण येऊन बसते? उमेदवार चार: हिरडीवरील आच्छादक त्वचेच्या पेशी, हिरडीच्या आतील संयोजी ऊतीच्या पेशी, हाडाच्या पेशी आणि मूळ-हाडामधील तंतुथराच्या पेशी. यांपैकी आच्छादक पेशी सर्वांत चपळ. त्या दिवसाला अर्धा ते एक मिलिमीटर सरकतात आणि काही दिवसांतच मुळावर खालपर्यंत पसरून बसतात. नवे सिमेंटम व त्यात रुतणारे तंतू निर्माण करण्याचे सामर्थ्य ज्या तंतुथराच्या पेशींत आहे, त्या मंद. त्या पोहोचेपर्यंत जागा भरलेली असते. म्हणून सामान्य चिकित्सेनंतर पॉकेट मिटते, हिरडी मुळाला चिकटते, शोथ जातो, पण तो चिकटाव त्वचेचा असतो, तंतूंचा नव्हे.

यावर उपाय काय? चपळ पेशींची वाट अडवावी. १९८२ साली स्वीडनमध्ये निमन, लिंडे, कारिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दातावर हा प्रयोग केला. दात पुढे काढायचाच होता. मूळ स्वच्छ करून त्यांनी मूळ व हिरडी यांच्यामध्ये प्रयोगशाळेत द्रव गाळण्यासाठी वापरतात तसल्या गाळणीचा एक तुकडा पडद्यासारखा बसविला. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा रोगाने उघड्या पडलेल्या मुळावर नवे सिमेंटम व त्यात रुतलेले नवे तंतू आढळले. गमावलेला बंध मनुष्यात पुन्हा निर्माण होऊ शकतो, याचा हा पुरावा होता. पुढे विरघळून जाणारे पडदे आले. वराहाच्या उगवत्या दातांतून काढलेल्या प्रथिनांचे जेल १९९० च्या दशकात आले, अस्थिचूर्णाची पूरके आली, रक्तातील वाढीस चालना देणारे घटक आले. जपानमध्ये २०१६ साली अशा एका वृद्धिकारक घटकाच्या औषधास हिरडीरोगासाठी मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तापासून बनविलेल्या तंतुमय थराचा, ज्याला पीआरएफ म्हणतात, वापर आज आपल्याकडील शहरांतही होतो.

इथे एक व्यावहारिक सूचना करून ठेवतो. यांतील कित्येक पदार्थ वराह किंवा गोवंशापासून बनलेले असतात. आपला रुग्ण अशा शस्त्रकर्मासाठी जात असेल तर त्याला हे आधी सांगावे व तेथील तज्ज्ञास विचारण्यास सांगावे. नंतर कळले तर दुःख मोठे होते, आणि पर्याय बहुधा उपलब्ध असतात.

मात्र इतके सर्व करूनही यश कोठे मिळते? याचे उत्तर हाडाच्या झिजेच्या आकारात आहे, आणि हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाताच्या एका बाजूस हाड खोल विहिरीसारखे खचले असेल, आणि त्या विहिरीच्या दोन-तीन भिंती शाबूत असतील, तर तिच्यात रक्ताची गाठ टिकते, पडदा टिकतो, भिंतींतून पेशी येतात आणि काही मिलिमीटर हाड भरते. याउलट बऱ्याच दातांभोवतीचे हाड सारख्या पातळीवर खाली उतरले असेल, तर तेथे धरून ठेवायला भिंतच नाही. विहीर भरता येते. पण बांधासकट वरची माती वाहून गेलेल्या शेतात माती ओतली तरी पहिल्या पावसात जाते. आडवी झीज भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग आजही कोणाकडे नाही. आणि आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या, वर्षानुवर्षे कीटण साठलेल्या रुग्णांत पुष्कळदा हीच आडवी झीज आढळते. दोन दातांमधील हिरडीचा त्रिकोणही असाच हाडावर अवलंबून. १९९२ साली टार्नो व सहकाऱ्यांनी मोजून दाखविले की दोन दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर वा कमी असेल तर तो त्रिकोण जवळजवळ नेहमी भरलेला असतो. सहा मिलिमीटरला तो सुमारे निम्म्या ठिकाणी व सातला सुमारे चतुर्थांश ठिकाणीच भरलेला आढळतो. खाली हाड नसेल तर वर हिरडी उभी राहत नाही, कोणतेही तेल चोळा.

आता प्रश्न असा की, चाकू, पडदा व वृद्धिघटक हाती असलेल्यांना जे काही मोजक्या जागी साधते, ते बोटाने घासलेल्या मंजनाने सर्वत्र साधते असे आम्ही कोणत्या आधारावर म्हणतो? ग्रंथाच्या आधारावर म्हणतो, असे कोणी म्हणेल. तर ग्रंथ पाहू.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात दंतमूलगत रोग पंधरा सांगितले आहेत. शीतादात हिरडी क्लिन्न होऊन झडते, दंतवेष्टात पू व रक्त वाहते व दात हलतात, उपकुशात दाह, पाक व दंतचलन होते, महासौषिरात दात वेष्टांपासून सुटून हलू लागतात. म्हणजे हिरडीपासून दातापर्यंत जाणारी रोगाची वाट त्यांनी पाहिली होती. आणि चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायाच्या अखेरीस, मुखरोगांतील असाध्य रोग सांगताना, दंतमूलगतांपैकी त्रिदोषज नाडी व सौषिर हे वर्ज्य म्हणून सांगितले आहेत. येथे सौषिराचा अर्थ महासौषिर असा घेण्याची परंपरा आहे. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी दात सुटून हलू लागलेल्या एका अवस्थेपुढे हात टेकले आणि तसे लिहून ठेवले. आमच्या वेष्टनांवरील मजकुराने ते हात परस्पर उचलून घेतले आहेत.

दुसरी गोष्ट रोपण या शब्दाची. व्रणरोपण म्हणजे व्रण भरून येणे. ते भरून येणे म्हणजे मूळ रचना जशीच्या तशी परत येणे, असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही. उलट व्रण रुजला तरी व्रणवस्तू देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, असे सुश्रुत स्पष्ट सांगतात. आधुनिकांनी दुरुस्ती व पुनर्जनन असा जो भेद केला आहे, तो आमच्या शास्त्राला परका नाही. रोपण होते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. पुनर्जनन होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला आज नाही. लाक्षागुग्गुळ, अस्थिशृंखला, प्रवाळ ही अस्थिधातूची औषधे आहेत याबद्दल वाद नाही. पण मोडलेले हाड सांधणे आणि जंतूंच्या थराखाली झिजलेली दंतोलूखलाची कड पुन्हा उभी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत भग्नाची दोन टोके एकमेकांसमोर असतात. दुसरीत समोर काहीच नसते, आणि निदान कायम असते. निदानपरिवर्जन न करता धातुपोषण करणारा वैद्य कोणत्या संप्रदायाचा, ते आम्हांस ठाऊक नाही.

निदानपरिवर्जन म्हणजे येथे कीटण काढणे. आणि इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनातील एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. "दात साफ करून घेतले की सैल होतात" हे वाक्य आपण रुग्णांकडून ऐकतो आणि कित्येकदा मान डोलावतो. वस्तुतः काय होते? दातांवरील कीटणाचा जाड थर शेजारशेजारच्या दातांना गिलाव्यासारखा जखडून ठेवतो, आणि सुजलेली हिरडी हाडाची झीज झाकून ठेवते. कीटण निघाले, सूज ओसरली, की दात लांब दिसू लागतात, फटी दिसतात, थंड पाणी झोंबते, आधीच सैल असलेला दात सैल असल्याचे कळते. पूर ओसरल्यावर वाहून गेलेली वाट दिसावी तसे हे आहे. वाट ओसरण्याने वाहून गेली नाही. रुग्णाला हे आधी समजावून सांगितले तर तो दंतवैद्याला दोष देत नाही व अर्ध्यावर पळूनही येत नाही. आम्ही आता अशा प्रत्येक रुग्णास पाठविण्यापूर्वी पाच मिनिटे देतो आणि त्याचा फार उपयोग होतो.

शिवाय दातांवरील शर्करा काढणे हे परक्याचे कर्म आहे असे मानणाऱ्यांनी तोच बाविसावा अध्याय पुन्हा वाचावा. दंतमूलाला इजा न करता शर्करा उकरून काढावी आणि मग लाक्षाचूर्ण मधासह प्रतिसारणास वापरावे, असा क्रम तेथे आहे. वाग्भटांनी तर शर्करा काढण्यासाठी दंतलेखन नावाचे शस्त्रच सांगितले आहे. प्रथम लेखन, मग प्रतिसारण. शीतादातही प्रथम रक्तमोक्षण, मग गंडूष व प्रलेप. दंतवेष्टातही प्रथम विस्रावण, मग लोध्र, पतंग, यष्टिमधु, लाक्षा. आम्ही सर्वांनी पहिले पद गाळले आणि दुसरे डबीत भरून विकायला ठेवले.

मग मंजने, तेले व गंडूष निरुपयोगी काय? मुळीच नव्हे. १९६५ साली ल्यो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच बऱ्या झाल्या. म्हणजे हिरडीपुरता मर्यादित शोथ पूर्णपणे परतणारा आहे. आमच्या औषधांचे खरे क्षेत्र हेच. तिळतेलाचे गंडूष, त्रिफळा क्वाथ यांवर आपल्या देशातील दंतमहाविद्यालयांतून लहान लहान अभ्यास झाले आहेत. चेन्नई येथे वीस किशोरवयीन मुलांवर केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिळतेलाचा अभ्यास प्रसिद्धच आहे. त्यांत दातांवरील थर व हिरडीचा शोथ कमी झाला. क्लोरहेक्सिडीन दीर्घकाळ वापरता येत नाही, दात डागाळतात, रुची बिघडते. तेथे त्रिफळेला मोठे स्थान आहे. कुमारी, हरिद्रा यांची जेल मूळ स्वच्छ केल्यानंतर पॉकेटमध्ये भरण्याचेही प्रयोग दंतवैद्यांनीच केले आहेत. स्वच्छ केल्यानंतर, हे शब्द तेथेही आहेत. दंतवैद्यांनी आमची द्रव्ये आमच्याच क्रमाने वापरावीत आणि आम्ही तो क्रम विसरावा, हा योग विचित्र आहे.

औषधाच्या घटकांविषयीही दोन शब्द. गेरू, काव, राख, भरड खडू यांनी भरलेली लाल व काळी मंजने जोराने घासली तर उघड्या पडलेल्या मुळाची झीज होते. मूळ इनॅमलइतके कठीण नसते. ज्याचे मूळ उघडे आहे त्याला राखुंडीसारखे भरड चूर्ण देणे चूक आहे. वस्त्रगाळ म्हणजे खरोखर वस्त्रगाळ असावे. आणि मशेरीविषयी तर काय लिहावे! दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, परंतु घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूने दात घासणाऱ्या माताभगिनी आजही आपल्या दारी येतात. त्यांना "बाई, मशेरी सोडा" इतके म्हणून मंजनाची डबी देऊ नये. मशेरी ती दात घासण्यासाठी लावत नाही, तलफेसाठी लावते. व्यसनाची चिकित्सा व्यसन म्हणूनच करावी लागते.

प्रमेही रुग्णांत तर अधिक दक्षता हवी. प्रमेहाने हिरडीरोग बळावतो आणि हिरडीरोगाने रक्तशर्करा आटोक्यात येत नाही, असा हा दुहेरी संबंध आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत पस्तीस चाचण्या एकत्र पाहता, हिरडीच्या चिकित्सेनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ अंकांनी उतरल्याचे आढळले. आमच्या गुरुजींना आम्ही चार वर्षे प्रमेहाची औषधे देत होतो आणि त्यांच्या तोंडातच प्रमेह वाढविणारी गोष्ट सांभाळत होतो.

कोणी म्हणेल, "अहो, आमच्याकडे असे शेकडो रुग्ण आहेत की ज्यांचे दात मंजनावर वीस वर्षे टिकले." टिकले असतील. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांचे पंधरा वर्षे निरीक्षण केलेला ल्यो यांचाच अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. हे मजूर दातांची निगा अशी राखत नव्हते, दंतवैद्याकडेही जात नव्हते. त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्क्यांत रोग अत्यंत वेगाने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या शोथापलीकडे गेलाच नाही. त्या अकरा टक्क्यांना आम्ही मंजन दिले असते तर ते सर्व आमच्या यशाच्या वहीत जमा झाले असते. प्रकृतिभेद मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना याचे आश्चर्य वाटू नये. रुग्ण कोणत्या गटातला, हे चेहऱ्यावरून कळत नाही, मोजल्यावरच कळते.

मोजण्याचे साधन आपल्या ग्रंथांत आहे. एषणी हे सुश्रुतांच्या वीस शस्त्रांतील एक. नाडीव्रणाची गती शोधण्यासाठी ती वापरावी हे आपण परीक्षेत लिहिले आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली दंतएषणी, जिला प्रोब म्हणतात, बाजारात अल्प किमतीत मिळते व निर्जंतुक करता येते. हलक्या हाताने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी फिरविणे ही खरी पद्धत. निदान पुढचे दात व दाढा एवढे पाहिले तरी चारपेक्षा अधिक खोली लपत नाही. तिळभर कौशल्य आणि दहा मिनिटे. चारपेक्षा अधिक खोली, पू, दंतचलन वा प्रमेह यांपैकी काहीही आढळले तर क्ष-किरण चित्र व हिरडीतज्ज्ञ. त्यांची चिकित्सा चालू असताना व नंतर आमचे गंडूष, आमचे पथ्य, आमचे व्यसनमुक्तीचे काम. २०२० सालच्या राजपत्रानुसार शालाक्यतंत्रातील पदव्युत्तर वैद्यांना काही दंतकर्मे शिकविली जातात. आम्हां सामान्य बीएएमएस वैद्यांना त्यावरून अधिकार मिळत नाही, आणि तो मागण्याआधी एषणी धरायला शिकावे.

रुग्ण परत येत नाही, दंतवैद्य त्याला आपलाच करून घेतो, ही तक्रार आम्ही ऐकतो. आमचा अनुभव उलट आहे. चिठ्ठी देऊन पाठविलेला रुग्ण चिठ्ठी घेऊन परत येतो. तिकडेही सारे काही सोज्ज्वळ आहे असे नाही. लेसरने हिरड्या परत येतात अशा पाट्या शहरांत आम्हीही पाहिल्या आहेत, आणि हाड भरण्याजोगे नसतानाही शस्त्रकर्म सुचविले गेल्याची उदाहरणेही आहेत. म्हणून रुग्णाला एक प्रश्न शिकवून पाठवावा: झीज विहिरीसारखी आहे की आडवी?

फार्मसीचालक बंधूंना एक विनंती. औषधी द्रव्ये व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा फक्त वर्तमानपत्रांतील जाहिरातींना लागू होतो, हा समज चुकीचा आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत वेष्टन, लेबल, पत्रक हे सर्व जाहिरातच आहे, आणि औषधाच्या गुणाविषयी चुकीची समजूत करून देणारी जाहिरात निषिद्ध आहे. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, मालाच्या हितासाठी म्हणतो. "हिरड्यांचा शोथ व रक्तस्राव कमी करण्यास उपयुक्त, दात हलत असल्यास वा पू येत असल्यास तज्ज्ञांस दाखवावे" एवढे लेबलवर असेल तर ते मंजन आम्ही डोळे मिटून देऊ. "हाड पूर्ववत" असलेले मंजन आम्ही आमच्या कपाटातून काढले आहे, आणि त्यात आमच्या स्वतःच्या हस्तलिखित पत्रकाचाही समावेश आहे.

गुरुजींना आता खाली चार दातांची काढता येण्याजोगी कवळी आहे. दात काढल्यानंतरच्या वर्षभरात तेथील हाडाची रुंदी पुष्कळच घटली, तशी ती सर्वांचीच घटते, म्हणून कवळी दोनदा बदलावी लागली. उरलेल्या दातांचे कीटण दर तीन-चार महिन्यांनी निघते. वरच्या एका दाढेपाशी विहिरीसारखी झीज होती. तेथे तज्ज्ञांनी शस्त्रकर्म केले असून वर्षअखेरीस पुन्हा चित्र घेतले जाईल. सकाळी ते तिळतेलाचे गंडूष करतात. मंजनाची डबी त्यांनी आमच्याकडून नेणे बंद केले नाही, परंतु दर खेपेस ती देण्यापूर्वी आम्ही त्यांना तोंड उघडायला सांगतो, आणि आकडे वहीत लिहितो.